शोधलं, पण सापडलं नाही

१

सोमवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे चोरीची वेळ. लोकांच्या मनातलं उचलायचं, त्याचे लेख करायचे आणि ते त्यांनाच परत वाचायला द्यायचे. पगारही याचाच मिळतो.

मी घरगुती सामान विकणाऱ्या एका कंपनीचा ब्लॉग लिहिते. कड्या, बिजागऱ्या, बल्ब, पडद्याचे दांडे, पायपुसणी. 'दार कुरकुरतंय? हे करून बघा.' 'कपाटाला कुबट वास येतोय?' हे माझं साहित्य. कुणी विचारलंच तर लेखिका आहे म्हणते आणि पटकन विषय बदलते.

असले विषय तरी किती सुचणार माणसाला? वर्षभरात माझ्याकडची सगळी दारं कुरकुरून झाली. तेव्हा ऑफिसातले एक आकडेवाले गृहस्थ, साइटवर कोण काय बघतं ते मोजणारे, मदतीला आले. आम्ही त्यांना आकडेबुवा म्हणतो, त्यांना ते आवडतं. आमच्या साइटवर वरच्या बाजूला सर्चची एक चौकट आहे, लोक तिथे काहीबाही लिहून शोधतात. काहींना उत्तर मिळतं, काही रिकाम्या हातानं परत जातात. परत गेलेल्यांनी काय लिहिलं होतं ते मागे साठून राहतं. आकडेबुवांचं म्हणणं असं, की विषय आपल्या डोक्यातून काढायचाच नसतो. रिकाम्या हातानं गेलेल्या माणसानं काय मागितलं होतं ते बघायचं आणि तेवढंच लिहायचं.

एकच गोष्ट माणसं शंभर तऱ्हांनी विचारतात. नळ गळतो, नळातून थेंब पडतात, नळ बंदच होत नाही. असे मिळतेजुळते शोध मशीन एका गठ्ठ्यात बांधतं आणि वर एखाददुसरी ओळ चिकटवून माझ्याकडे पाठवतं. आत काय काय आहे ते मी कधी उघडून बघितलं नाही. कोण बसतंय उघडत! गठ्ठा म्हणजे एक विषय, विषय म्हणजे एक लेख, लेख झाला की मी चहाला मोकळी.

त्या सोमवारी एका गठ्ठ्यावर ओळ होती, 'पॅसेजमधला दिवा कुठून लागतो?'

"आता हे मला काय माहीत!" मी म्हटलं. "मी काय यांच्या घरात राहते?"

"मॅडम, माणूस बिचारा अंधारात उभा राहून विचारतोय," आकडेबुवा म्हणाले. "लिहून टाका काहीतरी."

लिहून टाकलं. उदाहरण म्हणून आमच्याच घराचं दिलं. आमच्या पॅसेजला खिडकी नाही, भर दुपारीही तिथे दिवा लागतो. आणि सुताराच्या कृपेनं दिव्याचं बटण कपाटाच्या मागे गेलंय. खोलीतून बाहेर आलं की खांद्याच्या उंचीवर भिंतीवरून हात सरकवत न्यायचा, कपाटाची कड लागली की बोटं आत घालायची, तिथे बटण. चार ओळींत सांगितलं, वर दोन विनोद पेरले आणि पोस्ट टाकून दिली.

२

आमच्या घरी मी आणि आई. दिवसभर आईजवळ सांभाळायला ठेवलेल्या मावशी असतात, मी आल्यावर त्या जातात.

आई म्हणजे एकेकाळी गल्लीत धाक असलेली बाई. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसवली की बसून राहायची. घास तोंडाशी नेला की तोंड उघडायची. मला ओळखत नव्हती, आणि बोलणं तर कधीच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की यापुढे असंच चालणार, आशा ठेवू नका. आशा काय, ठेवू नका म्हटल्यानं जाते का?

दादा दुसऱ्या शहरात असतो. त्याचा दर आठवड्याला फोन.

"तू किती दिवस ओढणार आहेस? मी जागा बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, नर्स आहेत, बाग आहे."

"बाग घेऊन काय करायचंय तिला?"

"वर्ष संपायच्या आत निर्णय घेऊ. तुझी तब्येत बघ जरा."

दादा वाईट नाही. पण आईला तिथे ठेवलं की ती परत येणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्यालाही होतं. मला माझी आई परत हवी होती. वेडेपणा म्हणा, पण दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आईची एक सवय मात्र उरली होती. दिवेलागणीच्या वेळी ती खुर्चीतून उठायची आणि आपल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. बाहेर पाऊल टाकायची नाही. हात तेवढा बाहेर काढून पॅसेजची भिंत चाचपत राहायची, आणि थकली की परत खुर्चीत. तिथला रंगसुद्धा घासून गेला होता.

पोस्ट टाकली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. पॅसेजमध्ये खट्ट आवाज झाला आणि उजेड पडला. बाहेर येऊन बघते तर आई कपाटाजवळ उभी, बोटं अजून कपाटामागे. तोंड वर करून दिव्याकडे बघत होती.

मी स्वतःला समजावलं की जुनी सवय असते हाताला, कधीतरी जागी होते. पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

३

पुढच्या सोमवारी गठ्ठ्यावर ओळ होती, 'दिवा लागला. आता पुढे कुठे जायचं?'

आकडेबुवा खुशीत होते. "बघा! आपली पोस्ट वाचून माणूस परत आलाय. यालाच म्हणतात वाचक."

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण त्याच्या पुढच्या सोमवारी आलं, 'स्वयंपाकघराच्या दाराच्या खिळ्यात बाही अडकते, काय करावं?' आणि त्याच्याखाली, 'बिट्टीला न उठवता खोलीबाहेर कसं यायचं?'

"बिट्टी म्हणजे मांजर असणार यांची," आकडेबुवा म्हणाले.

बिट्टी म्हणजे मी. जन्मल्यावर मी एवढीशी होते म्हणून आई म्हणायची. बाबासुद्धा म्हणत नसत, दादा तर नाहीच. आणि स्वयंपाकघराच्या दारात खिळा आहे. त्यानं आईच्या कितीतरी बाह्या फाडल्या, तरी काढायचा कुणी नाही.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तरी म्हटलं, डोकं ठिकाणावर ठेवून विचार करू. आईच्या खोलीत फोन नाही, असता तरी तिला त्याचं काही कळलं नसतं. राहिल्या मावशी. त्यांना आडून विचारलं तर त्या उखडल्याच.

"माझ्या फोनला नुसती बटणं आहेत हो! त्यात गाणंसुद्धा वाजत नाही, आणि तुम्ही मला काय विचारताय!"

दादाला फोन केला. म्हटलं, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला खिळा आहे, आठवतो का?

"कसला खिळा? बरी आहेस ना तू?"

म्हणजे खिळा मला माहीत आणि आईला माहीत. मी तर विचारलेलं नव्हतं.

आकडेबुवांना सहज म्हणून विचारलं, हे शोध येतात कुठून ते कळतं का?

"कळतं एरवी. इथे जागा कोरी दाखवतंय." ते चष्मा पुसत म्हणाले. "गठ्ठा आहे हा, मॅडम. आत कोण कोण असेल. उघडून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसाच."

मला वाटलं, उघडला तर हे कुणातरी भलत्याच बाईचं निघेल, बोलाफुलाला गाठ पडली म्हणून सोडून द्यावं लागेल. खरं सांगायचं तर मला ते आईचंच हवं होतं. खुर्चीत बसलेली ती रिकामी बाई, आणि आत कुठेतरी, त्याच घराच्या कुठल्यातरी अंधाऱ्या बाजूला वाट शोधत असलेली माझी आई. ती विचारत होती. अख्ख्या जगात एका टुकार ब्लॉगच्या चौकटीत विचारत होती, कारण तो ब्लॉग मी लिहीत होते.

४

मग मी तिच्यासाठीच लिहायला लागले.

वरून सगळं नेहमीचंच. 'घरातल्या ज्येष्ठांसाठी सोप्या वाटा.' 'अंधारात भिंतीच्या आधारानं कसं चालावं.' आत मात्र आमचं घर, इंच न् इंच. कपाट संपलं की डावीकडे गार लागते ती न्हाणीघराच्या दाराची कडी, तिच्या पुढे सरळ स्वयंपाकघराचं दार. खिळ्याजवळ बाही आवळून धरायची. बिट्टी आता पहिल्यासारखी झोपत नाही, उठली तरी चालेल, खुशाल हाक मारा. हे शेवटचं वाक्य संपादकांनी काढायला सांगितलं, मी भांडून ठेवलं.

आणि आई रोज उंबरा ओलांडायला लागली! एकदा न्हाणीघराच्या कडीपर्यंत आली. मग कधी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मावशींनी तोंडावर हात ठेवला. मी दादाला व्हिडिओ पाठवला, तर त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, "जागेचं जरा थांबवूया."

माझे पाय जमिनीवर नव्हते. आणि गठ्ठ्यावरच्या ओळीही बदलल्या. 'सकाळी उठल्यावर आधी काय?' 'चहात साखर किती?' 'हसताना तोंडावर कोणता हात?'

वाचून मला भर ऑफिसात रडू फुटलं. वाट सापडली, आता ती स्वतःला गोळा करतेय, असं वाटलं मला. आपण कसे होतो तेच बिचारी विसरलीय आणि लेकीला विचारतेय. मी बसले आणि एका बैठकीत सगळं लिहून काढलं. 'माझी आई घरात कशी वावरते.' साखर अर्धा चमचा, पण बशीत सांडलेली बोटानं चाटायची. हसताना डावा हात तोंडावर. वाचताना अंगठा पानात खुपसून ठेवायचा. राग आला की भांडी मोठ्यानं न आपटता अगदी हळू ठेवायची, त्याचीच जास्त भीती वाटायची. हाक मारताना 'बिट्टी'तला शेवटचा सूर कसा ओढायची, तेसुद्धा.

आणि लिहिणाऱ्याची खोड म्हणा, लेखाला जरा चव यावी म्हणून मी एक गोष्ट पदरची घातली. आई कुठल्याही खोलीत शिरताना, दार सताड उघडं असलं तरी, बोटाच्या पेरानं टकटक करून मगच येते. आईनं जन्मात कधी असं केलं नाही. ती वादळासारखी घुसायची. पण वाचायला गोड वाटलं, ठेवून दिलं.

ती पोस्ट तुफान चालली. इतकी माणसं आमच्या ब्लॉगवर कधी आली नव्हती. आकडेबुवांनी माझ्या टेबलावर चॉकलेट आणून ठेवलं. "सगळ्यात वर आहे, मॅडम. आता कुणीही शोधलं तरी आधी हीच सापडणार."

कुणीही, असं ते म्हणाले. मी चॉकलेट खाल्लं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहाच्या वासानं जाग आली. आमच्याकडे माझ्याशिवाय चहा करणारं कुणी नव्हतं.

आई ओट्याशी उभी होती. केस विंचरलेले. माझी चाहूल लागली तशी वळली आणि म्हणाली, "बिट्टी, उठलीस?" शेवटचा सूर नेमका तसाच ओढलेला.

मी तिच्या गळ्यात पडून काय काय बोलले ते आठवत नाही. तिनं पाठीवरून हात फिरवला. चहा दिला. स्वतःच्या कपात अर्धा चमचा साखर घातली, बशीत सांडलेली बोटानं चाटली. मी रडता रडता हसले, तर तीही हसली, डावा हात तोंडावर ठेवून.

दादा पुढच्याच गाडीनं आला आणि एवढा मोठा बाप्या आईच्या मांडीत डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. डॉक्टर चकित झाले, म्हणाले, असं क्वचित होतं. मावशींना आता येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना त्या उंबऱ्याशी घुटमळल्या.

"बाई बऱ्या झाल्या, देवाची कृपा," त्या हळूच म्हणाल्या. "पण मला एकदाही नावानं हाक मारली नाही त्यांनी. इतकी वर्षं भरवलं मी."

"अहो, तेव्हा तिला कुठे काय कळत होतं?" मी म्हटलं.

त्यांच्याबद्दल मी पोस्टमध्ये काही लिहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दादा गेला त्या दुपारी मी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. दार सताड उघडं होतं. दारावर टकटक झाली, बोटाच्या पेरानं. आई उंबऱ्यात उभी होती, हसत.

"येऊ का गं?"

हातातली घडी तशीच राहिली. मनाशी म्हटलं, कुणीतरी वाचून दाखवलं असेल. दादानं दाखवलं असेल. एखादी सवय नवीन लागू शकते की माणसाला. मी "ये ना" म्हटलं. ती आली, पलंगावर बसली आणि माझ्याबरोबर घड्या करायला लागली. अगदी चांगल्या करत होती.

टकटक रोज ऐकू यायला लागली. न्हाणीघराच्या दारावर, गॅलरीच्या दारावर. एकटीच असली तरी रिकाम्या खोलीत शिरताना ती आधी टकटक करायची आणि थोडं थांबायची. आतून कुणी 'ये' म्हणायची वाट बघत असल्यासारखी.

६

सोमवारी मी आकडेबुवांना म्हटलं, "तो गठ्ठा उघडा."

"कुठला?"

"दिव्याचा."

ते उघडत असताना मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. भलामोठा गठ्ठा होता. प्रत्येक पाहुण्याला मशीन एक खूण लावतं म्हणे. त्यांनी खुणेप्रमाणे शोध वेगळे केले आणि चष्मा काढून ठेवला.

"काय झालं?"

"मला वाटत होतं, बरीच माणसं असतील. दोघंच आहेत."

डावीकडे एक रांग लागली, उजवीकडे दुसरी. डावीकडचे शोध माझ्या ओळखीचे. पॅसेजमधला दिवा कुठून लागतो. दिवा लागला, आता पुढे कुठे जायचं. बाहीचं. बिट्टीचं.

उजवीकडचे मी तोवर गठ्ठ्यावर अर्धवटच बघितले होते. पुरे असे होते: 'ही बाई सकाळी उठल्यावर आधी काय करते?' 'हिच्या चहात साखर किती?' 'ही हसताना तोंडावर कोणता हात ठेवते?' 'हिची मुलगी कशानं भुलते?' मशीननं वरची ओळ आखूड करून चिकटवली होती. बाईचा उल्लेख गळला होता.

त्याखाली होतं, 'ती दिव्यापर्यंत पोचली, तिच्या आधी दार कसं गाठायचं?'

"कुणीतरी चेष्टा करतंय," आकडेबुवा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "हे उजवीकडचं गिऱ्हाईक आता येत नाही. तुमची ती आईची पोस्ट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद झालं. त्याला हवं ते मिळालं असणार."

"आणि डावीकडचं?"

ते खाली सरकवत गेले. डावीकडची रांग थांबलेलीच नव्हती. 'दिवा कोणी मालवला?' 'माझ्या खुर्चीवर कोण बसलंय?' 'मी इथे आहे हे बाहेर कसं कळवायचं?'

वाट मी आईसाठी लिहिली होती, पण लिहिली होती चव्हाट्यावर. येईल त्यानं वाचावी, सगळ्यात वर सापडावी म्हणून जीव तोडून लिहिली होती. आणि आई हळू चालते. आजार आल्यापासून एकेक पाऊल चाचपत टाकते ती.

७

त्या आठवड्यात मी सगळ्या पोस्ट काढून टाकायला गेले आणि थांबले. काढल्या तर आईला कपाटाची कड कोण सांगणार? नवीन लिहायला बसले, 'परत यायचं असेल तर'. लिहीन ते आईच्या खुर्चीत बसलेलीही वाचणार होती. दिवसभर माझा जुना फोन घेऊन बसायची ती आता, मीच दिला होता.

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. टकटक झाली.

"काय लिहितेयस? वाचून दाखव ना मला."

"ऑफिसचं आहे. कंटाळवाणं."

"तुझं मला काही कंटाळवाणं नाही वाटत," ती म्हणाली. किती गोड म्हणाली! कप उचलून स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला म्हणून उठले.

पॅसेजमधून स्वयंपाकघर सरळ दिसतं. ती सिंकशी पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पाण्यात, कप विसळत होती. दोन्ही कोपरं हलताना मला स्वच्छ दिसत होती.

तेवढ्यात माझ्या अगदी बाजूला, भिंतीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला.

आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पडदे ओढलेले, अंधार. दारातून एक हात बाहेर आला होता आणि खांद्याच्या उंचीवर भिंत चाचपत सरकत होता. बाही फाटलेली. बोटं कपाटाच्या कडेला लागली, थोडी थांबली, मग आत गेली. खट्ट झालं आणि दिवा लागला.

उजेडात तो हात मी बघितला. आईच्या अंगठ्याचं नख जन्मापासून दुभंगलेलं आहे. पोस्टमध्ये लिहायचं मला सुचलं नव्हतं ते.

"बिट्टी," स्वयंपाकघरातून आवाज आला. तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "ते दार लाव गं. वारा येतोय."

मी दार लावलं.

मी घाबरले, एवढंच खरं. बाकीची कारणं मी नंतर जमवली. की ही निदान बोलते. की दादा किती सुखात आहे. की त्या अंधारात हाताच्या मागे काय असेल कुणास ठाऊक. सगळी खोटी आहेत. मी दार ढकलायला लागले तसा तो हात थांबला. अडवलं नाही, काही नाही. हळूच आत गेला. मी कडी घातली, आणि त्या वेळी मला जे वाटलं त्याला हायसं वाटणं म्हणतात. त्याची मला इतकी लाज वाटते की सांगता सोय नाही.

कडी घातल्यावर मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. आतून काही आवाज आला नाही. मग ती हात पुसत आली, कपाटामागे बोटं घालून तिनं दिवा मालवला आणि म्हणाली, "चल, झोप जरा. डोळे बघ कसे झालेत."

संध्याकाळी ती बाहेर गेली तेव्हा मी कडी काढून बघितली. खोलीत खुर्ची, पलंग, पडदे. कुणी नव्हतं.

८

सोमवारी आकडेबुवा आधीच येऊन बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी स्क्रीन वळवली. डावीकडच्या रांगेत एकच नवीन शोध होता.

'मुलगी घाबरली असेल तर तिला काय म्हणावं?'

मी आधी वाचलं, मग बसले. मला वाटलं होतं ती रागावेल. विचारेल की का गं केलंस. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"मॅडम, याचं काय करायचं?" आकडेबुवांनी विचारलं.

उत्तर मला येतं. लहानपणी घाबरून उठले की आई माझ्या कानाशी येऊन काय म्हणायची, ते चार शब्द माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नाहीत. ते लिहिले तर तिला सापडतील. पण ते घरी बसलेलीलाही सापडतील. संध्याकाळी मी घरी गेले की ती दारावर टकटक करेल, मला जवळ घेईल आणि अगदी आईसारखे ते चार शब्द माझ्या कानात म्हणेल. आणि मग माझ्याजवळ आईचं काहीही उरणार नाही.

म्हणून मी ते अजून लिहिलेलं नाही. आई दर सोमवारी विचारते.